जावयाला व्हिसा कशाला?

१६ जून १९८५, रविवार

आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागलंय, नोंद हवी.

आनेकेशी सिटी हॉलमध्ये लग्न लागून तीन आठवडे झाले. ती हॉलंडची. इथे अमेरिकेत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत पाण्यावर रिसर्च करते. तिची सायकल आमच्या दुकानात पंक्चर होऊन आली. मी ते पंक्चर काढायला चार दिवस लावले. मुद्दाम. (पहिले दोन दिवस मुद्दाम. नंतर ट्यूब सापडेना.)

थोडक्यात, मी आता युरोपचा जावई. त्र्यंबककाकांना तसं सांगितलं. काका बाबांचे मित्र, आम्ही दोघं त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहतो. काका म्हणाले, जावईबापू, उद्या कचऱ्याची गाडी आहे, डबा बाहेर ठेवा.

पेपरात बातमी आहे. युरोपातल्या पाच देशांनी सीमेवरची तपासणी बंद करायचं ठरवलं, हॉलंडसकट. पुढचं वाचायचं राहिलं, मागच्या बाजूला कूपन होतं म्हणून सरलाकाकूंनी कापून नेलं. पण मुद्दा कळला.

संकल्प: रोज एक तास डच. सकाळी सहाला उठणे.

१७ जून, सोमवार

सव्वानऊ. डबा राहिला.

२ जुलै, मंगळवार

आनेकेला एकदम दोन नोकऱ्या! एक जर्मनीत हॅम्बुर्गला, एक तिच्या स्वतःच्या गावी, युट्रेक्टला. काम हॅम्बुर्गचं चांगलं, नदीवरचं, तिला हवं तसं. दोघांना पंधरा ऑगस्टपर्यंत कळवायचं. तिचा इथला मुक्काम ऑगस्टअखेर संपतो. ती म्हणाली, श्री, जिथे तुला बरोबर येता येईल तिथली घेते, तू शिकागोला दोन्ही कॉन्सुलेटना फोन करून नीट विचार. मी म्हटलं, उद्याच.

खरं तर विचारायचं काय त्यात? बाबा इथे दहा वर्षं नोकरीला होते, त्यामुळे माझं ग्रीन कार्ड आपोआप आलं. कागद आपोआप येतात असा माझा अनुभव आहे. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, आपोआप नाही आलं बाळा, तुझा बाप डेट्रॉइटला बर्फात रांगेत उभा होता. मी होतो की बरोबर.

९ जुलै, मंगळवार

सकाळी नऊला शिकागोला फोन. कुणी उचलेना. शिकागोचं घड्याळ एक तास मागे असतं हे ऐनवेळी लक्षात आलं. तासभर थांबायचं म्हणून सायकल काढली, नदीपर्यंत गेलो. तिथे एकजण होडी विकत होता. होडीबद्दल बरीच माहिती मिळाली.

डच: आप्पल म्हणजे सफरचंद.

२१ जुलै, रविवार

अधिक महिना लागलाय. काकूंची मुलगी दीपा आणि जावई प्रताप न्यू जर्सीहून आलेत. अनारशाचे तांदूळ गेले तीन दिवस माझ्या उशाशी भिजत होते. आनेकेला वाटलं गटार तुंबलं. पाण्यावर रिसर्च करणारी बाई, तरी चूक झाली.

आज प्रतापला पाटावर बसवलं. चांदीचं ताट, तेहतीस अनारसे, वर दिवा. काकूंनी ओवाळलं. प्रताप एरवी कुणी विशेष नाही. गाडी पार्क करताना मेलबॉक्स पाडला. तरी काकू म्हणाल्या, असू दे हो, जुनाच होता. मी पाडला असता तर?

हे बघून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. जावयाचा मान कुठे? सासुरवाडीला. शेजारच्या गावात कुणी जावयाला विचारत नाही. म्हणजे जर्मनी हे शेजारचं गाव आणि हॉलंड ही सासुरवाडी. युट्रेक्टच घ्यायचं! स्वतःच्या पोरीच्या नवऱ्याला तो देश दारात उभा करेल?

रात्री जेवताना मांडलं. काका म्हणाले, अरे, उलटं आहे ते. काकांची भाची उत्तरा ब्रसेल्सला असते, तिचा नवरा आयरिश. तो परक्या देशात नोकरी करतो म्हणून तिथे युरोपचा एकत्र कायदा लागू होतो, बायकोला कागद चटकन मिळाले. पुढे त्यांनी आयर्लंडला परत जायचं म्हटलं तर तो कायदा नाही, कारण तो स्वतःच्या घरी. सगळं पहिल्यापासून. तेव्हा आनेके हॅम्बुर्गला गेली तर तुझा हक्क, युट्रेक्टला गेली तर नुसती विनंती. फोन करून खात्री कर, गाढवा.

परक्याच्या घरी हक्क आणि स्वतःच्या घरी विनंती? काका आयुष्यभर ब्रेकचं डिझाइन करत आले. त्यांना सगळीकडे ब्रेकच दिसतात.

उरलेले अनारसे सगळ्यांना वाटले. मला दोन, त्यातला एक तुटका.

२५ जुलै, गुरुवार

आज नक्की फोन. डाउनटाउनला आर्ट फेअर भरलंय, सगळे रस्ते बंद, त्यामुळे दुकानालाही सुट्टी. पब्लिक फोनपाशी रांग. नंबर लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. मागची बाई खेकसली. बाजूला झालो तर समोर एक माणूस जिवंत झाडाची खुर्ची कशी वाढवायची ते दाखवत होता. म्हणजे झाड लावायचं आणि त्याला खुर्चीसारखं वाढू द्यायचं. सात वर्षं लागतात. युट्रेक्टला अंगण असेल तर करता येईल.

घरी आलो. आनेकेनं विचारलं, फोन झाला का? म्हटलं, झाला. (केला होता हे खरं.) काय म्हणाले? म्हटलं, काही अडचण दिसत नाही. (मला दिसत नाही, हेही खरं.) ती म्हणाली, दोघांकडेही? म्हटलं, युट्रेक्ट जास्त सोपं.

 ती म्हणाली, नदीचं काम फार छान होतं रे.

३१ जुलै, बुधवार

आनेकेनं हॅम्बुर्गला नकाराचं पत्र लिहिलं. पोस्टात टाकायला मला दिलं. तासाभरात टाकून आलो! मी कामं वेळेवर करत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

१० ऑगस्ट, शनिवार

ट्रंक बोटीने पुढे पाठवली. दोघांचे हिवाळी कपडे, प्रेशर कुकर, माझा लोकरीचा जाड कोट. काकू म्हणाल्या, अरे, कोट तरी जवळ ठेव. मी म्हटलं, काकू, तीस तारखेला डेट्रॉइटहून उडतोय, ऑगस्टात कोट कशाला? काका म्हणाले, व्हिसा? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात शिकागोला जाऊन घेऊन येतो.  काका चष्मा पुसत राहिले. ते मला आवडत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. शिकागो, बस स्टेशन

बस वेळेवर पोचली. डच कॉन्सुलेटमध्येही वेळेवर. (वाटेत डेव्हॉन ॲव्हेन्यूवर, आपल्या लोकांच्या रस्त्यावर, डोसा खाल्ला, पण एकच.)

काउंटरवरची बाई अतिशय सभ्य. तिला डचमध्ये सुप्रभात म्हटलं, हुदेमॉर्गन. खूश झाली. विचारलं, किती दिवसांसाठी जाताय? मी छाती काढून सांगितलं, कायमचा, मी तुमचा जावई आहे. तिनं पेन खाली ठेवलं.

म्हणाली, कायमचं जायचं असेल तर टुरिस्ट व्हिसा नाही. पत्नीनं आधी तिथे जायचं, घर घ्यायचं, पगार दाखवायचा, मग अर्ज. निर्णय हेगहून. काही महिने लागतात, कधी जास्त. जन्माचा दाखला मूळ गावचा लागेल. मी म्हटलं, पण ती तुमची नागरिक आहे, युरोपियन आहे! म्हणाली, म्हणूनच. ती जर्मनीत नोकरीला असती, तर युरोपच्या नियमाखाली तुम्ही तिच्यामागे गेला असता. जर्मन कॉन्सुलेटनं प्रवेशाचा व्हिसा दिला असता. स्वतःच्या देशात तिला तो नियम लागू नाही.

शब्दन् शब्द काकांचा. काकांनी तिला फोन केला असेल का?

आनेकेला सांगायचं: एखाददुसरा कागद राहिला. हे खरंच आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

आनेकेनं स्वतः शिकागोला फोन केला. पहिल्याच झटक्यात लागला. नशीब असतं एकेकाचं.

फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. विचारलं, जुलैत तू कोणाशी बोललास? मी म्हटलं, लाइन एंगेज होती. म्हणाली, म्हणजे बोललाच नाहीस. मी म्हटलं, एंगेज होती म्हणजे केला होता ना. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं. म्हणाली, मी नदी सोडली, श्री. तू सोबत असशील म्हणून सोडली.

मग तिनं हॅम्बुर्गला फोन लावला. जागा भरली. तिचं पत्र वेळेवर पोचलं म्हणे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

डेट्रॉइट एअरपोर्ट. ड्राइव्ह काकांनी केलं. काकूंनी आनेकेची ओटी भरली. नारळ सिक्युरिटीनं फिरवून फिरवून बघितला आणि सोडला.

गेटपाशी तिनं माझ्या हातात कागद दिला, कुठले दाखले मागवायचे ते. सगळ्यात वर, नागपूरहून जन्माचा दाखला. म्हणाली, प्लीज. एवढंच. आणि मला घट्ट धरलं. मी म्हटलं, उद्याच पत्र टाकतो.

परतताना काका गाडीत एकदाही म्हणाले नाहीत, सांगितलं होतं म्हणून. फार वाईट गेला प्रवास.

१४ सप्टेंबर, शनिवार

पत्राचा मसुदा मनात तयार. डच: तीन फळं.

६ ऑक्टोबर, रविवार

नागपूर महानगरपालिकेला इंग्रजीत लिहावं की मराठीत? या निर्णयात महिना गेला. घाई नको. झाडाच्या खुर्चीसाठी कुंडी आणली.

२७ ऑक्टोबर, रविवार

आनेकेचा फोन. पगार झाला, आईच्या घराशेजारीच खोली मिळाली. तिचे कागद तयार, माझे कधी? म्हटलं, वाटेवर आहेत. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, कुणाच्या वाटेवर रे?

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला मोठा बर्फ. बेसमेंटची खिडकी निम्मी बुजली.

दुपारी आनेकेचा फोन. ट्रंक पोचली. कस्टमवाल्यानं उघडून बघितली, हसला, शिक्का मारला. तिच्या आईनं माझा कोट झटकून दारातल्या पहिल्या खुंटीवर टांगलाय. पाहुण्यांची खुंटी आहे म्हणे ती, दुसरं कुणी काही अडकवलं की म्हातारी काढून टाकते. थंडी फार असली की आनेके तोच घालून कामावर जाते. बाह्या लांब होतात. म्हणाली, त्याला अजून तुझ्या दुकानातल्या ग्रीसचा वास येतो.

मग विचारलं, दाखल्याचं पत्र टाकलंस?

फोन ठेवल्यावर बसलो आणि एका दमात लिहून काढलं. मराठीत. चांगलं जमलंय. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. आता फक्त कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचं.

बाहेर वारा सुटलाय. कोट युट्रेक्टला आहे.

बर्फ थांबला की टाकतो.