सहकुटुंब जर्मनी

१ जानेवारी २०२५, सकाळी ७

नवीन वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात मागच्या दोन वर्षांचे संकल्प आहेत. ते वाचले की उत्साह जातो.

या वर्षी आम्ही सहकुटुंब जर्मनीला. मी, दिपाली (तेरा), सत्यम (आठ). संगीता तिथंच आहे, स्टुटगार्टजवळ एका वृद्धाश्रमात नर्स. नोव्हेंबर बावीसला गेली. तेव्हा ठरलं होतं की मी सहा महिन्यांत जर्मन भाषेची पहिली परीक्षा, ए-वन, पास होणार आणि आम्ही तिघं मागोमाग जाणार. नवऱ्याच्या व्हिसाला ती परीक्षा लागते, पोरांना लागत नाही. सहा महिन्यांचे सव्वीस झाले. कामाचा व्याप.

संकल्प: रोज सकाळी एक तास जर्मन. उद्यापासून. आज दुकानाला हार घालायचा आहे.

५ जानेवारी, रविवार

संगीताचा व्हिडिओ कॉल. मोठं घर घेतलंय तिनं. फिरून दाखवलं. एका खोलीत दोन छोटे पलंग, दुसरीत एक. मी म्हणलं, हा जरा अरुंद दिसतो. म्हणाली, मला पुरतो. मग नेट गेलं. थंडीचा देश, पलंग अरुंदच असणार.

जुलैमधी पोरांना न्यायचं, सप्टेंबरला त्यांची शाळा. पासपोर्टचं बघा म्हणाली. म्हणलं, ते माझ्यावर सोड. मांजरसुंब्यात अकरा वर्षं ऑनलाइन फॉर्म भरतोय. पीकविमा, जातीचा दाखला, पॅन, पासपोर्ट. माझ्या हातचा फॉर्म माघारी येत नाही.

परीक्षेचं विचारलं नाही तिनं. दिवाळीपासून विचारत नाही. समजूतदार झाली आहे.

जर्मन: शून्य तास.

१४ जानेवारी

तीळगूळ. धडा तिसरा. या भाषेत तीन लिंगं. टेबल पुल्लिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. आईला हसत सांगितलं. ती शेळ्यांना पाला टाकत होती. म्हणाली, "मंग त्यात काय. आपुन बी ते पोरगं म्हणतोच की."

आयुष्य मेंढरांमागं काढलेल्या बाईला जे एका मिनिटात कळतं ते मला जड जायचं कारण नाही. म्हणजे मराठी माणसाला ही भाषा आधीच अर्धी येते. घाई नको.

२९ जानेवारी

दिपालीचा पासपोर्टचा फॉर्म माघारी आला. जन्मदाखल्यावर नावात एक आय, आधारवर दोन ई. आधारचा फॉर्म आठ वर्षांमागं कुणी भरला होता ते बघितलं. मीच. तेव्हा दुकानात गर्दी असायची.

२० फेब्रुवारी

तिन्ही पासपोर्ट आले. सत्यम माझा फोटो बघून म्हणाला, पप्पा, तुमी हरवलेल्या माणसावानी दिसता. पासपोर्टला हसून चालत नाही हे त्याला समजावलं.

संगीता रोज संध्याकाळी पाचला पोरांना फोनवर जर्मन शिकवते. सत्यम वीसपर्यंत मोजतो. दिपाली दुकानात जाऊन काय काय मागायचं ते सगळं बोलते. मी दारात बसून ऐकतो, फुकटचा क्लास. मी स्क्रीनसमोर गेलो की संगीता मराठीत येते. माझी सोय बघते.

२ मार्च, रविवार

बीडहून खरेदी. चार मोठ्या बॅगा, चार जाड कोट. संगीताला पण कोट घेतला, तिचा जुना झाला असेल. शेजारी नाथाचं कापूस खरेदीचं दुकान, त्याच्या काट्यावर रिकामी बॅग तोलली. साडेचार किलो. तेवीस किलोची मर्यादा आहे. आईनं दिलेली घोंगडी एकटीच तीन किलो.

कोटाची सवय व्हावी म्हणून दुपारी दुकानात तासभर घालून बसलो. बाहेर छत्तीस. एका गिऱ्हाइकानं नाथाला विचारलं, यास्नी हिवताप हाय का.

दिपालीनं माझी बॅग उघडी बघितली. म्हणाली, पप्पा, तुमची आत्ता भरू नका. कावून म्हणलं. तिनं चेन लावून टाकली. पोरगी हुशार, वजनाचा विचार करते.

२२ मार्च, शनिवार, पुणे

परीक्षा झाली. लेखी चांगली गेली, म्हणजे वेळेत संपली.

तोंडी परीक्षेला बाई समोर. चिठ्ठी उचलायची आणि त्यावरच्या शब्दावर बोलायचं. माझ्या चिठ्ठीवर "कुटुंब". याच्याइतकं सोपं काय असणार. सगळी वाक्यं पाठ होती. मला दोन मुलं आहेत. माझी बायको नर्स आहे. माझी बायको जर्मनीत राहते. मी "माझी बायको" एवढं म्हणलं आणि पुढचं येईना. बाई थांबल्या. भल्या होत्या, मान हलवून धीर देत होत्या. मी परत "माझी बायको" म्हणलं. पंखा थेट तोंडावर होता, त्यानं घसा कोरडा पडला. तिसऱ्यांदा पण तेवढंच म्हणलं. मग बाईंनी थँक्यू म्हणलं.

पंख्याबद्दल लेखी तक्रार करायला हवी होती.

५ एप्रिल

निकाल. शंभरात एकोणचाळीस. पासला साठ. एकवीसच कमी. अभ्यास न करता एकोणचाळीस म्हणजे केला तर किती, हा हिशोब मांडला. आकडा चांगला आला.

संगीताला कळवलं. उत्तर आलं, "बरं."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तिनं तुला कावून बोलावलं न्हाई, इचार की एकदा." मी म्हणलं, आई, नवऱ्याला काय आवतण लागतं का. आईनं भाकरी तव्यावर टाकली.

२८ एप्रिल, मुंबई

व्हिसा सेंटर. मी, दिपाली, सत्यम. दोघांच्या फायली घेतल्या. वडिलांचं संमतिपत्र लागतं, ते मीच तयार केलेलं: "आम्ही उभयता पालक मुलांसह जर्मनीत एकत्र राहणार आहोत." खिडकीतल्या मुलीनं विचारलं, तुमचा अर्ज कुठंय? म्हणलं, तो मागून येतोय. ती दिपालीकडं बघत राहिली. दिपाली खाली बघत होती.

परतीच्या बसमधी दिपाली खिडकीला डोकं लावून झोपली. झोपली नव्हती. पोरींना बस लागते.

२३ मे

माझ्या हातचा फॉर्म माघारी आला. शेरा असा: वडिलांचा अर्ज नाही, सबब संमतिपत्रातला मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही. मुलं आईकडं कायम राहतील याला वडिलांची स्पष्ट, नोटरीसमोर केलेली संमती जोडावी.

"कायम" हा कार्यालयीन शब्द आहे. आपल्याकडं पण कायमचा पत्ता लिहितात, कोण तिथं कायम असतं.

१५ जून, रविवार

संगीता आली. महिन्याची रजा. उतरली धर्मापुरीला, भावाकडं. इकडं उद्या येते म्हणाली. लांबचा प्रवास, माहेरी झोप चांगली लागते. मी घराला चुना दिला होता. तो अजून ओला आहे, त्या दृष्टीनं बरंच झालं.

१६ जून, संध्याकाळी

आली. केस कापलेत. अडीच वर्षांनी बघितलं. कोट दिला, तिनं हातात घेऊन दोन वेळा घडी केली आणि खुर्चीवर ठेवला.

सत्यम दिपालीच्या मागं उभा. संगीतानं हात पुढं केला. तो म्हणाला, "तुमी बसा ना."

तुमी. आईला कुणी तुमी म्हणतं का. गावातलं एक पोरगं म्हणत नाही. पाहुण्याला म्हणतात. संगीता आत गेली आणि हंड्याजवळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, बराच वेळ. आईनं पोरांना शेळ्या सोडायच्या म्हणून बाहेर नेलं.

मग ती बाहेर येऊन समोर बसली. बोलली ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला बदलता येणार नाही.

"त्या कागदावर सही करायच्या आधी ऐका. मला तुमाला फसवून सही नको. पोरं माझ्यासोबत येणारेत. तुमी न्हाई."

म्हणलं, सप्टेंबरला परत परीक्षा आहे. मी पास होणार.

"दोन वर्षं दर रविवारी इचारलं मी. दर रविवारी तुमी पुढली तारीख दिली. तिकडं पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायची, वाटायचं हा माणूस आज पुस्तक उघडंल, उद्या उघडंल. मागल्या दिवाळीपसून मी इचारायचं सोडलं. तुमाला कळलं बी न्हाई."

म्हणलं, कळलं होतं. मला वाटलं, समजूतदार झालीस.

ती हसली नाही, चिडली पण नाही. म्हणाली, "तुमी वाईट न्हाईत. पोरांना एकट्यानं सांभाळलं, ते मी कुणापुढं बी सांगंल. पण आता मला एकटीची सवय झाली. ती मोडायची न्हाई मला."

मग उठून मला पाणी आणून दिलं. माझ्याच घरात.

१७ जून

नाथाला सांगितलं. तो म्हणाला, "सही करू नको बे. जवर सही तुझ्याकडं हाय, तवर तीबी तुझ्याकडं हाय. बघ कशी येती वळणावर."

यात तथ्य आहे. कायद्यानं माझ्या सहीशिवाय पोरं हलत नाहीत.

संकल्प: सही करायची नाही. हा संकल्प पाळायला अभ्यास लागत नाही.

१८ जून, दुपारी

शाळा सुटल्यावर दिपाली दुकानात आली. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याशेजारी बसून संमतिपत्र तिनंच टाइप केलं. एक चूक नाही. मग म्हणाली, "पप्पा, तुमी सही न्हाई केली तर मी राहीन. रागवणार न्हाई मी."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"संक्रांतीपसून."

म्हणजे सगळं माहीत असून ती माझ्याबरोबर कोट घ्यायला आली, काट्यावर बॅगा धरल्या, मुंबईला त्या खिडकीसमोर उभी राहिली. तेरा वर्षांची पोर पाच महिने मला सांभाळून घेत होती. मी विचारलं, सांगितलं कावून नाही? म्हणाली, "तुमी लई खुश होता."

आणि सत्यम? म्हणलं, त्याला जायचंय का. दिपाली म्हणाली, तो इचारत होता, आईला पयल्यावानी 'तू' कधीपसून म्हणायचं.

१९ जून, बीड

नोटरी. खाली नेहमीचं वाक्य होतं: वरील मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे. अकरा वर्षं हे वाक्य लोकांच्या पुढं सरकवून बोटानं सहीची जागा दाखवतोय. आज पहिल्यांदा वाचलं.

सही केली. संगीता बाहेर बाकावर बसली होती. मी कागद दिला. तिनं तारीख तपासली, माझं नाव तपासलं, मग कागद छातीशी धरला आणि रडली. मी तिच्याशेजारी बसलो. किती दिवसांनी बसलो. उठायचं कुणी हे दोघांनाही कळेना.

४ जुलै

व्हिसा आले. दोन. तिकिटं तीन.

१२ जुलै, शनिवार

सकाळी नऊला संगीताच्या भावाची गाडी आली. मी मुंबईपर्यंत गेलो नाही. गाडीत जागा नव्हती.

होती. मागच्या सीटवर एक माणूस बसला असता. मीच नाही म्हणलं.

आईनं दोघांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. दिपाली पाया पडली, वर बघितलंच नाही. सत्यम गाडीत बसला आणि काच खाली करून म्हणाला, "पप्पा, तुमी मागच्या गाडीनं येणार ना?" त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असेल. संगीता माझ्याकडं बघत होती. दिपाली पण.

मी म्हणलं, "न्हाई बाळा. मी इथंच हाय. तू आईसोबत ऱ्हा."

त्यानं थोडा विचार केला. मग आईकडं वळून म्हणाला, "मंग तू माझ्याकडं बस."

तू म्हणाला.

गाडी चौकातून मुंबईच्या रस्त्याला लागली. नाथा येऊन उभा राहिला. मग दुकान उघडलं. दोन उत्पन्नाचे दाखले, एक रेशन कार्ड.

१६ जुलै, बुधवार

शाळेतून फोन. सत्यमचे सर. शनिवारपासून गैरहजर आहे, आजारी आहे का. दिपालीच्या बाईंनीही विचारलंय म्हणाले.

शाळा सोडल्याचे दाखले काढायचे राहिले होते. दोघांचे. मी लोकांचे रोज काढतो.

म्हणलं, गावाला गेलीत, आईबरोबर. सरांनी विचारलं, कधीपर्यंत येतील? मी म्हणलं, सोमवारी.

सर म्हणाले, हरकत नाही, नाव पटावर ठेवतो.