लाल मोटरसायकल आणि न सुटणारा क्लच

मी, फिदेन्सियो आर्से, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार सान इग्नासियो, खजुराच्या बागेमागची गल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, दुपारची कॉफी पिऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे ते सांध्यांमुळे. डोकं सरळ आहे.

कलम पहिले. राहते घर व मागचे अंगण माझी मुलगी आम्पारो हिला. ती एन्सेनादाला असते. रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का" विचारते आणि काय जेवलो ते ऐकायच्या आत ठेवून देते. राग नाही, तिला तिचा संसार आहे. घर खुशाल विकावं. फक्त तिच्या आईने, माझ्या एलोदियाने, लावलेलं डाळिंब नव्या मालकाला दाखवून द्यावं, नाहीतर तो ते सरपणाला तोडेल.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला. येतील त्यांना सुकं मांस परतून आणि पिठाच्या पोळ्या द्याव्यात. माणसं थोडी असतील, म्हणून हात आखडू नये.

कलम तिसरे. पाने, कानशी आणि लोखंड पकडायचा शेगडा हायवेवरच्या टायरवाल्या एव्हारिस्तोला. मोठा हातोडा वगळून. तो त्याच्या हाती पडला तर गावात एक नट शाबूत राहणार नाही.

कलम चौथे. लाल टाकीची, वाळवंटात पळवायची जुनी मोटरसायकल निकानोर इगेरा याला, तो माझ्याशी बोलत नसला तरी.

कारण लिहून ठेवतो. तरुणपणी आम्ही दोघं या एकाच गाडीवर ला पास शहरापर्यंतची शर्यत धावायचो. अर्धी वाट मी, अर्धी तो. एका वर्षी इथे चौकात मी गाडी त्याच्या हाती दिली. त्याने क्लच दाबून गिअर टाकला, पण क्लच सुटलाच नाही. गाडी दाबल्या लिव्हरसकट उडी मारून खजूरवालीच्या टोपल्यांत घुसली. तेव्हापासून सगळं गाव त्याला बेडूक म्हणतं. तो म्हणाला, मी चावरं कुत्रं त्याच्या हाती दिलं. मी म्हणालो, त्याने घाईने ॲक्सिलेटर पिळला. अजूनही तेच म्हणतो. माझी चूक होती असं या कागदात कोणी शोधू नये. एलोदिया गेली तेव्हा तो देवळाच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच परतला.

जिवंतपणी दिली तर गाडी परत पाठवेल. मेलेल्याला परत काय पाठवणार?

गाडीचा तोच आजार वर्षभरापासून पुन्हा सुरू आहे. गिअरमध्ये टाकून लिव्हर पूर्ण दाबली, तरी ढकलताना मागचं चाक इंजिनाला ओढतं. निकानोरने पहिल्यापासून सुरुवात करू नये म्हणून सांगतो: केबलचा ढिलेपणा बरोबर आहे. तेल पातळ आहे. उन्हाच्या भीतीने आपल्याकडे सगळे ट्रकचं जाड तेल ओततात आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटवून घेतात, तसं मी केलेलं नाही. लोखंडी प्लेटा खिडकीच्या काचेवर ठेवून पाहिल्या, एकही वाकलेली नाही. प्लेटा बसतात त्या डब्याच्या खाचांना चरे पडले होते, ते कानशीने घासून सपाट केले.

उरली एकच तपासणी. झाकण काढून एकाने लिव्हर दाबायची आणि दुसऱ्याने खाली बसून, स्प्रिंगांनी प्लेटांवर दाबून धरलेली वरची तबकडी कशी उठते ते बघायचं. लिव्हर ट्यूबच्या पट्टीने बांधून पाहिली, पण मग तबकडी आधीच उठलेली असते; उठताना दिसत नाही. शेजारच्या रोसेंदाबाईच्या मनगटाला ती दाबली जात नाही. गाडी तिथेच अडली आहे, मागच्या अंगणात, झाकण काढलेली.

साक्षीदारांविषयी. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही. म्हणून रोसेंदाला माझा बिडाचा तवा देता आला नाही. ती म्हणाली, तव्यापेक्षा सही बरी, सही घासावी लागत नाही. दुसरा साक्षीदार आणायला तिला आत्ताच पाठवलं आहे.

पुढील मजकूर त्याच दिवशी, संध्याकाळी.

गावातले सगळे पुरुष खजूर उतरवायला गेलेले. रोसेंदाला मिळाला तो गुडघेदुखीने घरी बसलेला निकानोर. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून कागद वाचू लागला. चौथं कलम त्याने बराच वेळ वाचलं. मला वाटलं, फाडतो आता. त्याने पेन रोसेंदाच्या हातात परत दिलं.

"सही केली तर गाडी माझी होणार नाही ना?"

मी म्हणालो, नाही होणार.

"मग दुसरा कोणी बघ," म्हणाला, आणि आत आला. सरळ मागच्या अंगणात गेला. कण्हत खाली बसला आणि मला म्हणाला, "दाब."

मी दाबली.

"सोड. परत दाब. सावकाश रे, तेव्हाही असाच घाई करायचास." मग त्याने मान तबकडीपाशी नेली. "वाकडी उठतेय, फिदे. खालच्या स्प्रिंगमधला जीव गेलाय."

या गाडीला बसतील अशा स्प्रिंगा त्याच्या भाच्याकडे सांता रोसालियाला आहेत. गुरुवारी घेऊन येतो म्हणाला, आणि तोवर मरू नकोस, लिव्हर कोण दाबणार.

सबब हे मृत्युपत्र एका सहीने अपुरे आहे. मला घाई नाही.

लिहून देणार: फिदेन्सियो आर्से
साक्षीदार पहिली: रोसेंदा कोता, शेजारीण
साक्षीदार दुसरा: 

सान इग्नासियो, बाहा कॅलिफोर्निया सूर
६ ऑक्टोबर २००९