इंजिन दसऱ्याच्या आत

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाचा रेकॉर्ड असलेला बरा. काम असं: अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्रॅक्टरचं इंजिन उघडणं, दुरुस्त करणं आणि परत बसवणं. स्वतः. मिस्त्री न लावता.

ट्रॅक्टर एकोणीस वर्षं आमच्या भांड्यांच्या दुकानामागे लिंबाखाली उभा आहे. इंजिन जाम. टूलबॉक्समध्ये कोंबडी अंडी घालते. परवा पोळ्याला शेजारच्या सुंदररावांचा नवा ट्रॅक्टर नटूनथटून गल्लीतून गेला. अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव शिवा. जागा तरी मोकळी व्हईल." माझ्या तोंडून निघून गेलं, की अप्पा, दसऱ्याला तुम्ही ह्याच ट्रॅक्टरवर बसून शिलंगणाला जाणार. अप्पा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या जिन्याकडे.

जिन्याबद्दल इथेच खुलासा करतो. जिना पूर्ण आहे. फक्त वरचा मजला राहिला आहे. बायको, दानम्मा, उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळवते, म्हणजे अगदीच वाया गेलेला नाही.

शेवटी अप्पा म्हणाले, "बरं. दसरा. त्याच्या फुडं एक दिस न्हाई. मग भंगार." एकोणचाळीस दिवस आहेत. मोबाईलवर एक पंजाबी माणूस हेच काम बावीस मिनिटांत करतो.

२५ ऑगस्ट.
शेड्यूल तयार. पहिला आठवडा उघडणे, दुसरा साफसफाई, तिसरा लेथचं काम, चौथा जोडणी, पाचवा रंग. उरलेले दिवस विश्रांती. शेड्यूल लॅमिनेट करायला केजला गेलो. त्यामुळे आज कामाला सुरुवात करता आली नाही.

२९ ऑगस्ट.
एक नट निघाला! नंतर लक्षात आलं की तो इंजिनचा नव्हता, सीटचा होता. पण पान्याला हात बसला.

दुपारी हरिबा मिस्त्री येऊन उभा राहिला. नांदूरघाटातली निम्मी इंजिनं आणि झाडून सगळ्या मोटारी ह्याच्या हाताखालून गेल्या आहेत. म्हणाला, "मालक, मी येऊ का हाताखाली?" मी नम्रपणे नको म्हटलं. हरिबा आला की अप्पा म्हणणार, हरिबानं केलं. मला तेवढंच नको आहे. मी बावन्न वर्षांचा आहे आणि अप्पांनी मला आजवर एकही काम तडीस नेताना पाहिलेलं नाही, असं त्यांचं मत आहे. एकदा त्यांनी "शाब्बास" म्हणावं. वही कोण वाचणार आहे, म्हणून लिहिलं.

जाताना हरिबा दोनदा मागे वळून बघत होता. शिकण्यासारखं वाटलं असेल त्याला.

५ सप्टेंबर.
हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढलं. तिन्ही पिस्टन गंजून जागच्या जागी चिकटलेत. वरून डिझेल ओतून ठेवलं. आता वाट बघणे. वाट बघणं हेसुद्धा कामच असतं, हे दानम्माला पटत नाही. तिचं म्हणणं, वाट दुकानात बसूनही बघता येते.

८ सप्टेंबर.
लाकडी ठोकळा ठेवून घनाने मारलं. पिस्टन हलला नाही. अंगठा हलला. दवाखान्यातला डॉक्टर विचारत होता, बैलाने का. मी हो म्हणालो.

११ सप्टेंबर.
सुटला! पिस्टन सुटला! धावत जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, "तीन हायत न्हवं?"

त्यांची स्मरणशक्ती अजून चांगली आहे.

१३ सप्टेंबर.
तिन्ही सुटले. शेवटच्याला ठोकळा धरायला दानम्मा होती. तसं म्हटलं तर शेवटचा घाव तिनेच घातला, पण तोवर तो सैल झालाच होता.

आता व्यवस्थितपणा. पंजाबी माणूस पार्ट जमिनीवर मांडतो. मी दुकानातले स्टीलचे नवेकोरे डबे घेतले आणि प्रत्येक सुटा भाग वेगळ्या डब्यात झाकण लावून फळीवर ठेवला. भांड्यांचं दुकान असण्याचा असाही फायदा.

१६ सप्टेंबर.
पाच नंबरचा डबा विकला गेला.

मी जेवायला गेलतो, म्हणजे गेलो होतो (संतापाच्या भरात बोलतो तसंच लिहिलं गेलं), तेवढ्यात दानम्माने विकला. डब्यात वाल्वचे बारा लॉक होते. हे लॉक नसले तर वाल्व जागेवर राहत नाहीत आणि हे मॉडेल बंद होऊन तीस वर्षं झाली. दानम्मा म्हणते, फळीवर होता, झाकण लावलेलं होतं, गिऱ्हाईकाने मागितला. गिऱ्हाईक कोण, तर चकलांब्याच्या भिवराबाई, लेकीकडे आल्या होत्या, आज परत गेल्या.

१७ सप्टेंबर. चकलांब्याहून परतताना, एसटीत.
लॉक मिळाले. भिवराबाई म्हणाल्या, "मला वाटलं कंपनीनं फिरी दिल्यात, भावा." नातींनी खेळायला घेतले होते. बारापैकी अकरा अंगणात सापडले, बारावा सगळ्यात धाकटीच्या मुठीत. तिने सोडेपर्यंत दोन तास गेले. भिवराबाईंनी पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. डब्याचे पैसे परत देऊ केले तर म्हणाल्या, डबा चांगला आहे, तो कशाला परत करू.

दिवस गेला. पण शेड्यूलमध्ये विश्रांतीचे दिवस आहेतच, त्यातला एक इकडे वळवला.

२० सप्टेंबर.
क्रँक (इंजिनातला फिरता आस) आणि डिझेल पंप केजला लेथवाल्याकडे दिलेत. चार दिवस पाऊस कोसळतोय. पुलावरून पाणी. सध्या माझं इंजिन अर्धं केजमध्ये, अर्धं ताडपत्रीखाली. अप्पा ओसरीतून विचारतात, "क्रँक आला का?" रोज एकदा. मी "येईलच" म्हणतो. काल त्यांनी विचारलं नाही, तर मलाच करमेना.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
क्रँक आला. आरशासारखा चकचकीत. आजच जोडणीला सुरुवात केली. सोमवार, त्यात घट बसलेले, याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

आमच्या घरात नव्या वस्तूला आधी भस्म लागतं, मग ती वापरात येते. फ्रीज, मिक्सर, लेकीचा, रुचिकाचा, अंबाजोगाईच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप, सगळ्यांना लागलं. हे तर इंजिन. नव्या बेरिंगा आणल्यात, म्हणजे क्रँक ज्यांच्यात फिरतो त्या अर्धगोल वाट्या. प्रत्येकीच्या आतल्या गुळगुळीत बाजूला तीन बोटांनी तीन रेघा ओढल्या. बाहेरून लावून काय उपयोग, जिथे काम चालतं तिथे लागलं पाहिजे. हा विचार माझा स्वतःचा.

पंजाबी माणूस या वाट्यांना तेल लावतो. मी लावलं नाही. तेलाने भस्म पुसलं गेलं असतं.

२६ सप्टेंबर.
जोडणी पूर्ण! चार नट आणि एक स्प्रिंग उरली. दानम्माने विचारलं, हे कशाचं. म्हटलं, स्पेअर. जुन्या काळी कंपन्या सढळ हाताने द्यायच्या.

क्रँक हाताने फिरवायला फार जड जातो. नवं इंजिन टाईटच असतं.

२९ सप्टेंबर.
रंग दिला. लाल. टायर एक सुंदररावांकडून मागून आणला, बाकी तिघांनी हवा धरली.

सकाळी अप्पांनी दानम्माला फेटा धुवायला दिला. दोन वर्षांत त्यांनी फेटा बांधलेला नाही. तिने तो जिन्यावर वाळत घातला. येता-जाता दिसत होता.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.
आज स्टार्ट. बॅटरी सुंदररावांची. हरिबालाही बोलावलं, बघायला म्हणून. मनात काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
चालू झालं. खरंच चालू झालं! आधी पांढरा धूर, मग काळा, मग तो जुना आवाज. गल्ली गोळा झाली. अप्पा काठी न घेता उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते इंजिनकडे.

साधारण चाळीस सेकंद.

मग आतून कोणीतरी पातेल्यात दगड हलवतंय असा आवाज आला आणि सगळं थांबलं. परत सेल्फ मारला तर नुसती टिक्. क्रँकला दांडा घालून मी आणि सुंदरराव लोंबकळलो. हलेना.

संध्याकाळी ७.
हरिबा खाली शिरला. ऑइलचा चेंबर उतरवला, एक बेरिंग काढून बाहेर आला. वाटी फाटल्यासारखी ओरबाडली होती. त्याने आत बोट फिरवलं. बोटाला राखाडी लागलं. चोळून बघितलं, हुंगलं आणि सवयीने कपाळाला लावलं. मग एकदम दचकून माझ्याकडे बघितलं. "मालक, ह्ये भस्म हाय का?"

मी म्हटलं, थोडंसंच.

"भस्म कपाळाला. बेरिंगला त्याल." एवढंच म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. क्रँकवर चरे पडलेत. परत लेथ, परत बेरिंगा. आठ दिवस तरी. दसरा परवा आहे.

मी वळून बघितलं तर अप्पांची खुर्ची रिकामी होती. अप्पा आत जाऊन झोपले होते, न जेवता.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.
उठलो तेव्हा डोक्यात प्लॅन तयार होता. पॉलिश पेपरने क्रँक घासायचा, जुन्याच बेरिंगा टाकायच्या, एक दिवस तरी चालेल. तर पाने जागेवर नाहीत. बघतो तर दानम्माने पहाटेच सगळे धुऊन पाटावर मांडलेत. पाने, घन, पक्कड, दुकानाचा वजनकाटा, विळीसुद्धा. हळदकुंकू, झेंडू, पुढे नैवेद्य. खांडेनवमी. आज हत्यारांची पूजा, आज हत्याराला हात लावायचा नाही.

हरिबाकडे पळालो. त्याचीही पेटी झेंडूत. म्हणाला, "आज देवानं सांगितलं तरी पाना उचलत न्हाई मी." केजच्या लेथवाल्याला फोन केला. त्याच्या लेथला हार घातलाय आणि तो मुलांना घेऊन सासुरवाडीला निघालाय.

संध्याकाळी.
दिवसभर करण्यासारखं काहीच नव्हतं. एकदा पाटाजवळ जाऊन बारा नंबरच्या पान्याकडे बघत बसलो. दानम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, नजर पण काढा तेच्यावरून." खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातात काही नाही, असं पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणता आलं. मग त्याची लाज वाटली.

जेवताना अप्पांनी विचारलं, "फेटा वाळला का, दानम्मा?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी भाकरी मोडत राहिलो. सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळी ७.
सकाळी सहाला अप्पा धोतर, कोट, फेटा अशा थाटात ट्रॅक्टरशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी देवळात गेलो. मग दुसऱ्या देवळात गेलो. गावात देवळं तरी किती असणार. अकराला परत आलो तर अप्पा तिथेच.

खाली बसलो आणि सगळं सांगितलं. भस्माचं, न लावलेल्या तेलाचं, उरलेल्या नटांचं. अप्पा, माझ्याच्यानं झालं नाही, असं म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात आधी कधी बोललो नव्हतो. मी नेहमी "थोडं राहिलंय" म्हणतो. बावन्नाव्या वर्षी बापासमोर रडणं काही चांगलं दिसत नाही, पण रडलो.

वाटलं, आता भंगारवाल्याचं नाव काढतील. अप्पांनी विचारलं, "दोर हाय का घरात?"

चार वाजता सुंदररावांच्या ट्रॅक्टरला मागे दोर बांधला. हरिबाने आणि मी अप्पांना उचलून सीटवर बसवलं. मी मडगार्डवर. पुढे सुंदररावांचा नवा ट्रॅक्टर गाणी लावून, मागे आमचा, नव्या लाल रंगातला, मुका. गल्लीत लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. अप्पांनी बघितलंही नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं. ओढणारा पुढचा होता, पण वळणं अप्पांचीच. चिखलातून, ओढ्याच्या कडेने, गावाच्या शिवेपर्यंत त्यांनी तो नेला आणि परत आणला.

दारात आल्यावर ते लगेच उतरले नाहीत. स्टेअरिंग एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे. म्हणाले, "शिवा, स्टेरिंग लई मऊ चालतंय बघ. लोन्यावानी. काय केलंस तेला?"

सगळे ऐकत होते. सुंदरराव, हरिबा, ओवाळायचं ताट घेऊन दारात दानम्मा. एकोणचाळीस दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी चांगलं म्हटलं होतं. ग्रीस भरलं, बुश बदलले, काहीही सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

मी म्हणालो, अप्पा, त्याला मी हात लावला नाही.

"तरीच," अप्पा म्हणाले, आणि खाली उतरायला माझा हात मागितला.