ऑर्गन वाजवणाऱ्या बाई

प्रिय दादास सलाम,

वहिनी म्हणतात, तू आता कुणालाच ओळखत नाहीस. म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण तुझ्यानंतर या मंडळीचा पाळक झालो, मग मनातलं सांगू तरी कुणाला?

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून घर सोडून निघाल्या. मंडळीचा कारभार पाहणारे पंच म्हणाले, "पाळकसाहेब, त्यांना आता वाजवू देऊ नका. लोक नावं ठेवतात." मी मान डोलावली आणि रविवारचा उपदेश तसाच लिहायला बसलो. आधी प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर शब्दच फुटेना. लोकांसमोर तासभर बोलणारा मी, एकट्याने देवाशी बोलणं कधी सोडलं, मलाच कळलं नव्हतं. घाबरलो, दादा.

तडक बाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्यांच्या गालावर अजून वळ होता.

"मला काढायला आलात ना?"

"नाही. माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

त्या गोंधळल्या. मग पाळकसाहेब न म्हणता, माझं नाव घेऊन त्यांनी प्रार्थना केली. मी ढसाढसा रडलो.

रविवारी पंच रुसून मागे बसले. बाई ऑर्गनवर होत्या. मी उपदेशाऐवजी काय घडलं ते जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तुझा धाकटा