श्री नसलेलं पत्र

श्रावण शुद्ध ३, शके १८५३

दुकान उघडलं! माझ्या धोंडूचं पत्र आलं मोरिशसहून. दोन वर्षं तिथं दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजलं, आता तिप्पण्णाच्या भागीत स्वतःचं. सोलापुरी लुगडी ठेवलीत. बेटावरच्या मराठी बायका घडी नाकाला लावून खळीचा वास घेतात म्हणे, आणि रडतात.

दोनदा वाचलं. मग दिसलं. वर श्री नाही.

श्रावण शुद्ध ४

शेजारच्या शिवम्माला दाखवलं. "अय्यो, विसरला असंल की! शेट झाला आता तुमचा धोंडू!" हसली. पण पत्र हातात घेतलं नाही.

असं पत्र मला एकदाच आलं होतं. मानमोडीच्या साथीत, धोंडूचे वडील गावाकडे गेले होते, तिथून. वाईट बातमीच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. वरची जागा कोरी आहे, एवढं दिसलं. तेवढ्यानं सगळं कळलं.

त्यानंतर मी अक्षरं शिकले. सुताच्या गठ्ठ्यांवरच्या कागदांवरून, रद्दीवरून. मग धोंडूला आणि शेजारच्या पोरक्या तिप्पण्णाला एकाच पाटीवर गिरवायला लावलं. धोंडू श्री विसरेल? पहिलं तेच शिकवलं होतं!

भाद्रपद शुद्ध ७

दुसरं पत्र. दुकान चाललंय, तब्येत बरी, काळजी करू नकोस. श्री नाही.

लगेच उत्तर टाकलं. "पुढच्या पत्रावर श्री लिही. बाकी काही नको." जायला महिना, यायला महिना. तोवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचं. माझा पोरगा आहे की नाही, एवढं कळू दे.

भाद्रपद वद्य ८

आज धोंडूच्या वडिलांचं पान ठेवलं छपराच्या पत्र्यावर. भात, भाजी, शेंगाचटणी. चटणीत मीठ दोनदा पडलं, लक्ष कुठं होतं!

खाली उतरून वर बघितलं, तर पानं दोन. दुसरं मी कधी वाढलं? हातानं परस्पर वाढलं.

उचलायला परत शिडी चढले. कावळा आला. आधी दुसऱ्याच पानाला शिवला.

शिवम्माला सांगितलं नाही.

भाद्रपद अमावास्या

पत्र! उंबऱ्याच्या आत पडलेलं. पोस्टमन वीरभद्रप्पाची हाक ऐकू आली नाही, कांड्यांच्या नादात असेन. पाकीट ओलसर, शिक्का पुसलेला.

वर श्री आहे! ठसठशीत! पाटीवर काढायचा तसंच.

मजकूर दोन ओळी. "आई, जेवलो. चटणी खारट झाली होती गं." गेल्या साली डबा पाठवला होता, त्याचं म्हणत असेल. पोटभर रडले. शिवम्माला गूळ दिला.

आश्विन शुद्ध ५

झोप लागते. वीस लुगडी सांगून ठेवली आहेत, धोंडूच्या दुकानासाठी. हिरवी जास्त.

कार्तिक वद्य २

वीरभद्रप्पा गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला. "बनाबाई, मोरिशसचं! गौरी-गणपतीतल्या पत्रानंतर आजच आलं की!"

म्हटलं, "भादव्यातल्या अमावास्येला एक दिलंत ना?"

"मी? न्हाय बा. त्या हप्त्यात मी अक्कलकोटला, भाची आजारी होती म्हणून."

फोडलं. श्री नाही. जिथं असायचं तिथं टाक टेकवल्याचा एक ठिपका. आणि खाली 'आई' नाही, 'मावशी'. मला मावशी म्हणणारा जगात एकच. तिप्पण्णा.

"मावशी, धोंडू ज्येष्ठातच तापानं गेला. दुकान उघडायच्या आठ दिवस आधी. जाताना म्हणाला, दुकान उघडलं की आईला कळव, माझ्या नावानं. आपलं अक्षर एकच आहे. मी कळवलं. एकदा कळवलं, मग थांबता येईना. पण त्याच्या नावावर श्री लिहायला हात उचलेना. तुम्ही लिहायला सांगितलंत. आत्ता प्रयत्न केला. जमत नाही. मला माफ करा. त्याच्या नावानं मी दोनच पत्रं लिहिली, दुकान उघडल्याचं आणि तब्येत बरी असल्याचं. पुन्हा नाही लिहिणार."

दोनच.

शिवम्मा आली, तिनं चूल विझवली.

कार्तिक वद्य ३

पेटी उघडली. तिप्पण्णाचं कालचं बाजूला ठेवलं. धोंडूच्या नावाची उरली तीन.

तिसरं अजून ओलसर आहे. त्याला उत्तर लिहायला बसले आहे. वर श्री लिहिलं. चटणीबद्दल लिहिलं. पत्ता काय घालू?