मागून येणारं हसू

३ फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

तुझं मासिक काल आलं. पाकीट फाडलं आणि सवयीप्रमाणे आधी तुझं सदर उघडलं. संपादकांचं पान मागाहून, डोळे शिल्लक राहिले तर. खरं सांगू? तुझ्या तिन्ही कादंबऱ्या मी आदराने वाचल्या, पण सदर मी चवीने वाचते. लिफ्टमधल्या बाईच्या आवाजावर लिहिलंस, साबणाच्या जाहिरातीतल्या गाण्यावर लिहिलंस. जे पाहून शहाणी माणसं नाक मुरडतात, त्यात तुला काहीतरी आवडण्यासारखं सापडतं. नावं काय, कुणीही ठेवतं.

या वेळी टीव्हीवरच्या त्या संध्याकाळच्या विनोदी कार्यक्रमातल्या हशावर लिहिलंस. एकदा रेकॉर्ड केलेला हशा ते भागामागून भाग वापरतात, हे बरोबर आहे. त्यातला एक माणूस तू नेमका हेरलास. सगळे हसून थांबले की मागून एकटाच हसतो आणि शेवटी ‘हाऽऽ’ करून श्वास सोडतो, तो. या अख्ख्या कार्यक्रमात मनापासून हसणारा तेवढा एकच, असं तू लिहिलंस.

अगं, ते तुझे काका आहेत.

ते निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही गेलो होतो. स्टुडिओवाल्यांना खुर्च्या भरायला माणसं हवी होती. चहा-बिस्किटं दिली आणि हसा म्हणाले. आता ते जाऊन दोन वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी सातला मी टीव्ही लावते तो तेवढ्यासाठी. कुणाला बोलले नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील. एक मात्र तुझं चुकलं. त्यांना विनोद उशिरा कळायचे असं तू लिहिलंस, तसं नव्हतं. कारण वेगळं होतं, ते राहू दे.

फोनवर हे सांगताना रडले असते, म्हणून पत्र. जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती वेगळी कळवायला नको.

तुझी,
मावशी


९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात आहे तिथेच फतकल मारून बसले. ज्यांच्या खांद्यावर बसून मी अर्धं लहानपण काढलं, त्यांचं हसू मला ओळखता आलं नाही, आणि लोक माझ्या निरीक्षणाची तारीफ करतात! ते हसू मी परत परत ऐकलं होतं गं. आपलंसं वाटत होतं. मला वाटलं, कादंबरीकाराचं नाक ते हेच. कसलं नाक नि कसलं काय.

सदर मात्र गाजतंय. आमचे संपादक कौतुक करतात ते दाढ उपटून घेतल्यासारखं, पण या वेळी त्यांनी स्वतःहून फोन केला. आता केवळ त्या हसण्यासाठी कार्यक्रम लावतो, असं कितीतरी वाचकांनी कळवलंय. काका किती खूश झाले असते! आज सातला मीही इथे टीव्ही लावते. तू तिथे, मी इथे, दोघी मिळून ऐकू.

तुझ्या मायेवर सगळ्यांच्या आधी हक्क सांगणारी,
टिटवी


२० फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

त्यांचं हसू काढून टाकलंय. आधी वाटलं, माझेच कान गेले. शेजारणीला बोलावून ऐकायला लावलं. बाकी सगळे हसतात, मागे कुणी येत नाही. धान्यातला खडा काढावा तसं उचलून टाकलं.

कार्यक्रमवाल्यांनी तुझा लेख वाचला असणार. तुझ्यावर राग नाही, मनात आणू नकोस. इतकं चांगलं आजवर कुणी त्यांच्याबद्दल बोललं नव्हतं, लिहिणं तर दूरच. पण संध्याकाळी सात वाजले की काय करावं ते कळत नाही.

लिहिणं सोडलंस तर मात्र रागावेन.

मावशी


१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी स्टुडिओत जाऊन आले. भांडायचं ठरवूनच गेले होते, पण आवाजाचं काम बघणारे गृहस्थ भांडण्यासारखे निघाले नाहीत. त्यांनी सांगितलं की माझ्या लेखानंतर लोक विनोद ऐकेनात, मागून येणाऱ्या हसण्याचीच वाट पाहू लागले. दिग्दर्शकाला ते झोंबलं आणि त्याने हुकूम सोडला. म्हणजे माझ्या कौतुकानेच घात केला. मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले की ‘मागचे साहेब’ त्यांचेही लाडके, मूळ रेकॉर्डिंग त्यांनी जपून ठेवलंय. त्याची प्रत सोबत पाठवते आहे.

मावशी, माईक तुमच्याच डोक्यावर टांगलेला होता. लोक हसून थांबतात. मग तुझी कुजबुज येते. एकदा तू काकांना सांगतेस की त्या नायकाची विजार आपल्या खिडकीच्या पडद्यातूनच बेतलेली दिसते. मग काका हसतात. दर वेळी हेच. कार्यक्रमाला ते एकदाही हसले नाहीत गं, तुला हसत होते. पुढे कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून तिसऱ्या रांगेतल्या बाईंना गप्प बसायची विनंती करतं. त्यानंतर रेकॉर्डिंग बराच वेळ चालतं. सगळे हसतात. काका नाहीत.

यावर सदर लिहू का? तू नको म्हणालीस तर नाही.

तुझी, यापुढे नाकाबद्दल न बोलणारी,
टिटवी


७ मार्च

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

शेजारणीच्या मुलीने लावून दिलं. पोटभर ऐकलं, पोटभर रडले. लिही, खुशाल लिही. विजारीचं तेवढं गाळ. तो बिचारा अजून कामं करतो.

काल सातला पुन्हा टीव्ही लावला. आता एक नवा नट आलाय. त्याच्या मिशांवरून मला काहीतरी सुचलं आणि रिकाम्या खोलीत मी ते मोठ्याने बोलून गेले.

मग जरा थांबले. तेवढा वेळ त्यांना लागायचाच.

तुझी, गप्प न बसणारी,
मावशी