उजव्या कानाची वारंटी

२७ मार्च २०२४, बुधवार

गेला! सकाळी डबीतून काढला, कानात घातला, तर आवाजच नाही. पुसला, फुंकला, फोन बंद करून चालू केला. रात्रभर चार्जिंगला होता, तरी मेलेलाच. धुळवडीचं पाणी लागलं म्हणावं तर तीही सोय नाही – यंदा मी घराबाहेरच पडलो नाही!

एवढे महागाचे इयरबड, आणि एका वर्षात ही गत? रुपरावमामा म्हणाला, "मोहित, कानात बोट घाल. फुकटात होते." त्याच्या कूलरच्या दुकानात मी सप्टेंबरपासून बसतो. तेव्हापासून मला काहीही बोलायची त्याला सूट आहे.

२८ मार्च, गुरुवार

बर्डीच्या सर्विस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराच्या छातीवर अपूर्व असं नाव. त्यानं बिल पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला. "सर, वारंटी एकवीस तारखेला संपली."

"संपली कशी? पाडव्याला घेतले होते. पाडवा यायचाय अजून. वर्ष कुठं झालं?"

तो हसला! म्हणे, "मागच्या वर्षी अधिक मास होता ना सर, म्हणून यंदाचा पाडवा पुढं गेला. कंपनी अधिक मास नाही मानत."

मागे उभ्या असलेल्या काकूही हसल्या. माझं डोकंच सटकलं. दहावीपासून तुमचेच फोन वापरतो मी! घड्याळ तुमचं, स्पीकर तुमचा. बाबांना, ताईला, अर्ध्या वर्गाला तुमचाच फोन घ्यायला लावला, दुसऱ्या कंपनीचा फोन आणणाऱ्याशी भांडलो – त्याचं काय?

"थँक्यू सर."

थँक्यू!!

मग म्हणतो, पैसे भरून दुरुस्ती होते, पण दोन्ही बड आणि डबी एकत्र कंपनीकडे पाठवावी लागते. "एकटा उजवा पाठवला तर तसाच परत येतो. डावा घेऊन या. जोडी लागते सर."

बाहेर येऊन व्हरायटी चौकात उन्हात उभा राहिलो. प्रचाराचा ऑटो बोंबलत गेला, काय बोलला ते कळलंच नाही.

डावा गार्गीकडे आहे.

२९ मार्च

फोन करणार नाही. विषय संपला.

३१ मार्च, रविवार

संपला नाही.

संघपाल आला होता. वर्गातला एवढा एकच अजून दुकानात येऊन बसतो. आल्या आल्या, "काय गा कंपनीचे जावई! सासऱ्यानं हाकलून देल्लं म्हणते तुले?" मामा कूलरला वाळ्याची खस लावता लावता एवढा हसला की हातातली जाळी पडली.

मी चिडलो, पण खरंच जावयासारखाच वागायचो मी. नवा फोन येणार म्हटलं की दुकानासमोर हजर. माळ्यावर अजून सगळे रिकामे खोके आहेत, आई रद्दीत देऊ म्हणते, मी देऊ देत नाही. आज एक काढला. पहिल्या फोनचा. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी आणला होता. सगळे खाली सतरंजीवर बसून बघत होते. झाकण इतकं हळू निघालं, हवा सोडत – ताई म्हणाली, "श्वास घेते गा हे!" आईनं पूजा केली आणि कुंकू लावलं ते थेट स्क्रीनवर! मी ओरडलो होतो. तो फोन अजून चालतो. आई त्यावरच भजनं लावते, काच फुटलीय तरी. तेव्हा एखाद्या कंपनीला जीव लावणं मूर्खपणाचं वाटत नव्हतं.

मामा म्हणे, "आपल्या कूलरले वारंटीच नाही. काहून? मी इथंच बसतो. बिघडला तर ये अन् शिव्या देऊन जा."

२ एप्रिल, मंगळवार

आज काम नव्हतं, दुपार लांबच लांब. लिहूनच टाकतो.

मागच्या पाडव्याला बर्डीत घेतले ते. माझे एकट्याचे नाहीत, दोघांनी मिळून घेतले. गार्गी म्हणाली होती, "आख्खी जोडी एकाले कायले पायजे?" डावा तिचा, उजवा माझा, असं दुकानातच ठरलं. ती नेहमी माझ्या उजवीकडे बसायची ना.

कॉलेज सुटलं की मेट्रो. बर्डीला गाडी बदलायची, मग ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत. तिथून तिला कामठीचा ऑटो. मला तिकडं काहीच काम नसायचं. तिला सोडायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं, एवढंच काम. जून उजाडला तरी बाहेर डोकं तापायचं आणि आत गारेगार. ती ओढणी गुंडाळून बसायची.

जुनी गाणी लावायचो. त्यांच्यात एक गंमत असते – अर्धी वाद्यं एका कानात, अर्धी दुसऱ्या. माझ्याकडं तबला यायचा, तिच्याकडं बासरी. "आता तुले काय ऐकू येऊन राहिलं?" ती विचारायची. मी तिच्या बॅगेवर ठेका धरून दाखवायचो. ती बासरी तोंडानं गुणगुणायची, बेसूर! समोरची माणसं बघायची. बघू देत. दोघं मिळून गाणं पूर्ण करायचो.

नंतर उजवा एकटाच लावायला लागलो, तर सगळं त्याच कानात यायचं. बासरीसुद्धा. पण बासरी तिची होती.

मग सप्टेंबरात मी एका सरांशी भांडलो आणि वर्गातून उठलो तो घरीच आलो. परत गेलोच नाही. तिसरं वर्ष अर्धं सोडलं. गार्गी आधी समजवायची, मग गप्प राहायला लागली. दिवाळी झाल्यावर एकदा तिला आणायला मुद्दाम कॉलेजजवळच्या स्टेशनावर गेलो. गाडीत म्हणाली, "परीक्षेचा फॉर्म भर. अजून वेळ आहे."

मी म्हटलं, "ते कॉलेज गेलं खड्ड्यात."

"तुह्यं काही बिघडलं की तू थेट फेकतोस. सुधरवून पाहतोस का कधी?"

मी काय बोललो ते लिहीत नाही. गाडी भरलेली होती, लोकांनी ऐकलं. ऑटोमोटिव्ह चौक आला. ती उतरली. डावा तिच्या कानात तसाच. दारं लागली. माझ्या कानात गाणं चालूच. खाली ऑटोवाले "कामठी, कामठी" ओरडत असणार, आणि तिच्या कानात ते गाणं कुठवर गेलं असेल? जिन्यापर्यंत? मी उठलो नाही. बसून राहिलो, गाडी परत फिरली.

डबी माझ्याकडे. म्हणजे तिचा डावा त्याच संध्याकाळी बंद पडला असणार. पाच महिने झाले. ठेवला तरी असेल का तिनं?

३ एप्रिल

कंपनीला पानभर मेल लिहिला होता. उत्तर आलं – आदरणीय ग्राहक, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. खाली नव्या मॉडेलची जाहिरात!

फोन आपटणार होतो. आपटला नाही.

४ एप्रिल, गुरुवार

केला फोन.

खरं काय ते इथं तरी लिहावं. राग वारंटीचा नाही. पाच महिने फोन करायला कारण शोधत होतो, आणि ते कारण कंपनीनं दिलं, याचाच जास्त राग आलाय. बडाचं काय, नवा मिळतो. तिनं "नाही" म्हटलं तर दुसरं कारण कुठून आणू?

"कोण?"

नंबर मिटवला की काय माझा! "मी."

"मी म्हणजे?" आवाज ओळखला होता तिनं. नक्की ओळखला होता.

"उजवा बंद पडला गार्गी. सर्विस सेंटरवाले जोडी मागून राहिले."

तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "वारंटी होती तेव्हा नाही आठवण आली?"

"तेव्हा चालू होता ना."

असं उत्तर कोणी देतं का? गाढवसुद्धा देणार नाही!

"हाव. बराबर आहे."

"डावा फेकून तर नाही देल्ला?"

"मी फेकत नसते." वर म्हणाली, "रविवारी येते बर्डीत, अकरा वाजता. सेंटरसमोर उभा राहजो."

मागून कोणीतरी पुरुष म्हणाला, "कोण आहे वं?" ती म्हणाली, "कोणी नाही."

कोणी नाही. आणि तो कोण? भाऊ? भावाचा आवाज असा जाड होता का?

रविवारी सेंटर बंद असतं. दारावर तसं लिहिलंय, मी दोनदा वाचलंय. तिला सांगितलं नाही.

५ एप्रिल

दिवसभर कूलरच्या टाक्या घासल्या. मामानं विचारलं, "आज भांडला नाहीस कोणाशी? ताप आहे का गा?"

६ एप्रिल, शनिवार

डावा हातात देईल, "घे, झालं का?" म्हणेल आणि जाईल. असंच होणार. डबी पुसून ठेवली. निळा शर्ट इस्त्री केला. मग वाटलं, बड घ्यायला कोण इस्त्री करतं? चुरगाळला. पुन्हा केली.

७ एप्रिल, रविवार

आली. शटर बंद. मी डबी उघडून हात पुढं केला.

"डावा नाही आणला."

"हरवला?"

"नाही. घरी आहे, कपाटात. आणला असता तर आजच तुह्यं माह्याकडचं काम संपलं असतं ना गा."

पुढच्या रविवारी येतानाही विसरणार आहे म्हणाली.